भरतीच्या तक्त्यामागे

मोकपो बंदराचा गेल्या वर्षीचा तक्ता,
भरतीच्या वेळा, ओहोटीच्या वेळा.
समुद्र आता तो पाळत नाही.
मागची बाजू कोरी आहे, तिच्यावर लिहिते:

सोमवार. पहिली बोट सुटण्याआधी दहा कोडी.
काळ्याची पाळी, काळ्यानं जगायचं.
उत्तरांचं पान दुमडून ठेवायचं.
उलगडून बघितलं
तर त्या दिवशी कॉफी बंद.

मंगळवारी जुन्या उस्तादांचा एखादा डाव
पटावर मांडायचा, खडा-खडा,
पुढची खेळी तळहाताखाली झाकून.
अंदाज चुकला की समासात टिंब.
(समास रुंद ठेवला आहे.)

बुधवारी डावाच्या शेवटाचे हिशेब,
एका घराचं मोल, अर्ध्या घराचं.
एकतीस वर्षं तिकीट-खिडकीत सुटे मोजते आहे,
निदान हे तरी यायला हवं.

गुरुवारसमोर लिहिलं, धुकं.
धुक्यात बोटी खोळंबतात,
ह्युकसान बेटाची माणसं बाकांवर आडवी होतात
आंबवलेल्या पाकटाचे डबे उशाला घेऊन,
त्या वासात मला दोन तास फुकटचे मिळतात.
पण धुकं काही वार बघून उतरत नाही.
खोडलं.

अकरा वर्षं मी सातव्या गुपावर आहे.
पुस्तकं घेतली, पालथ्या घड्यावर पाणी.
आणि आजची ही आखणी
त्या प्यो म्हाताऱ्यापायी.

नूडलच्या दुकानावर बादुकचा अड्डा,
प्यो तिथे फरशी पुसतो, बार्लीचा चहा आणून देतो.
शनिवारी कुणी नव्हतं म्हणून
फडकं खांद्यावर टाकून माझ्यासमोर बसला
आणि संत्रं सोलत खेळला.
मी त्याच्या खड्यांना शिडी लावली,
एकेक श्वास तोडत, पटाच्या तिरक्या अंगानं,
मनात गुणांची बेरीज करत.
शिडीच्या टोकाला, कोपऱ्यात,
त्याचा एक पांढरा खडा बसलेला होता.
नुसता.
बोटीच्या वेळेआधीच धक्क्यावर येऊन बसतात
त्या बायांसारखा.

मी डाव सोडला.
प्योनं फोड पुढे केली. संत्र्याची साल
एका अखंड पट्टीत टेबलावर.
म्हणाला, “छान खेळता. फक्त माझ्याकडे बघत नाही.”

रविवारी घरी पट काढला,
तोच डाव आठवून मांडायला लागले.
पहिले चाळीस खडे रोजच्या उतारूंसारखे आले,
आधी चेहरा, मग नाव, मग कुठलं बेट.
पुढे अडखळत.
त्रेसष्टावा माझा, हा इथे, ठणकावून ठेवलेला,
आवाजसुद्धा आठवतो.
चौसष्टावा त्याचा.
चौसष्टावा?

माझे पुढचेही सगळे आठवतात.
त्याचे मात्र गळत जातात,
फाटक्या जाळ्यातून गळावेत तसे,
आणि कोपऱ्यातला तो पांढरा
कुठे होता ते पक्कं ठाऊक आहे,
कधी आला ते नाही.

सोमवारी, शेवटची बोट बांधून झाल्यावर,
जिना चढून वर गेले.
प्यो बादलीत फडकं पिळत होता.
विचारलं, “तो कोपऱ्यातला. कधी ठेवलात?”
त्यानं वर बघितलंसुद्धा नाही.
“तुम्ही पाणी मागितलंत ना,
तेव्हा. ग्लास आणून दिला, मग ठेवला.
तुम्ही पीत होता.”

परतताना धक्क्यावरच्या दिव्याखाली
तक्ता गुडघ्यावर पसरला.
दहा कोडी राहू दिली. उस्ताद राहू दिले.
खोडलेल्या गुरुवारच्या खाली
उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं:
पाणी पितानाही पटावर नजर.
आणि हरलेला डाव त्याच्या बाजूनं मांडायचा,
पांढऱ्याच्या खुर्चीत बसून.

खाली काळं पाणी चढत होतं.
तक्त्याप्रमाणे आत्ता ओहोटी हवी होती.